खारेकाका आणि सातशे बारा नंबर

खारे हे त्यांचं आडनाव नव्हे. ते नाव त्यांना मिठाने दिलं. कुणा विद्यार्थ्याने गंमत म्हणून त्यांच्या दारावर ‘खारेकाका’ अशी चिठ्ठी चिकटवली. आस्थापना विभागातल्या एका काटेकोर कारकुनाने ती शुद्धलेखनाची चूक समजून त्यातला काना खोडला, तर काकांनी तो पेनाने परत काढला. म्हणाले, "खरे म्हणवून घ्यायचं म्हणजे जोखीम. आपण खारेच बरे."

त्यांची खोली तळमजल्यावर, जिन्याखाली होती. आमच्या प्रयोगशाळेत जे सूक्ष्मजीव वाढवले जात त्यांचं जेवण, म्हणजे मीडियम, तिथे तयार व्हायचं. हे जीव मिठागरांत आणि खाऱ्या तळ्यांत राहणारे. समुद्राचं पाणीसुद्धा त्यांना अळणी. त्यामुळे काका रोज सकाळी किलोकिलोने मीठ तोलत, पाण्यात विरघळवत, बाटल्यांत भरून ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे निर्जंतुक करायच्या मोठ्या कुकरमध्ये, लावत. त्या खोलीतलं सगळं मिठाने खाल्लेलं होतं. तराजूचं ताट, कपाटाच्या बिजागऱ्या, काकांच्या घड्याळाची पाठ. त्यांच्या बोटांना बारा महिने भेगा असत. आणि घरी मात्र रक्तदाबामुळे डॉक्टरांनी मीठ तोडलेलं. "इथे पोती उपसायची आणि घरी चिमटीला महाग," ते म्हणत. "काकू ताट वाढतात ना, तेव्हा मला या जंतूंचा हेवा वाटतो."

मी पीएच.डी.साठी तिथे रुजू झाले त्या दिवशी आमच्या मार्गदर्शक बाईंनी मला आधी खालीच पाठवलं. काकांनी माझ्याकडे नीट पाहिलंसुद्धा नाही. एक नळी उचलली, तिच्यात गुलाबी, गढूळ पाणी होतं. त्यातले थोडे थेंब त्यांनी साध्या पाण्याच्या ग्लासात सोडले. गढूळपणा बघता बघता विरला आणि मागे नुसता शेंबडासारखा एक तंतू तरंगत राहिला.

"फुटले सगळे," काका म्हणाले. "आपण समुद्रात बुडून मरतो, हे गोड्या पाण्यात. तेव्हा नळाखाली विसळलेली काचनळी तशीच वापरलीत, तर महिनाभराचं काम गटारात गेलं म्हणून समजा. कळलं का, डॉक्टरबाई?"

डॉक्टर व्हायला मला अजून पाच वर्षं होती, झालेच तर. पण पहिल्या दिवसापासून ते मला डॉक्टरबाईच म्हणत.

माझं काम सांगायला सोपं होतं. एन्झाइम म्हणजे पेशीतला कामगार. एकेकाला साधारण एकेक काम नेमून दिलेलं असतं. या खाऱ्या जीवाची सगळी जनुकं वाचून झाली होती, त्याच्या कामगारांची यादी तयार होती, आणि त्या यादीत कितीतरी जणांपुढे नुसतं ‘कार्य अज्ञात’ असं लिहिलेलं होतं. सातशे बारा नंबरचा एन्झाइम त्यांतलाच एक. तो काय करतो ते मला शोधायचं होतं.

मी हे काकांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ मीठ ढवळत राहिले. मग म्हणाले, "हजेरीपटावर नाव आहे, रोज येतो, पण करतो काय ते कुणालाच ठाऊक नाही. असे दोघं आपल्या ऑफिसातही आहेत. त्यांच्यावर नाही कुणी पीएच.डी. करत."

एखाद्याचं काम ओळखायचं तर त्याला रजेवर पाठवायचं आणि काय अडतं ते पाहायचं. मीही तेच केलं. त्या जीवातून सातशे बाराचं जनुक काढून टाकलं. एवढ्यालाच वर्ष गेलं. आता माझ्याकडे दोन वाण झाले. मूळचा, ज्यात सातशे बारा होता, आणि नवा, ज्यात तो नव्हता. काकांनी त्यांना नावं दिली, थोरली आणि धाकटी. बाटल्यांवर आम्ही ‘थो’ आणि ‘धा’ असं लिहायचो.

पुढची दोन वर्षं मी धाकटीचा जीव खाल्ला. तिला उपाशी ठेवलं, जास्त तापवलं, मीठ कमी केलं, मीठ वाढवलं, वेगवेगळी साखर दिली. जे थोरली करी ते धाकटीही करी. सातशे बारा नसल्याचं तिला काही सुखदुःखच नव्हतं. बाई फार कमी बोलत. दर सोमवारी माझे आकडे बघायच्या आणि "असू दे" म्हणायच्या. त्या ‘असू दे’ची मला धडकी भरायला लागली होती.

आणि मग चौथ्या वर्षी मी त्यांना झायलोज दिलं. ही लाकडात, भुशात सापडणारी साखर. थोरली चार दिवसांत झकास वाढली, नळ्या गुलाबी झाल्या. धाकटी वाढलीच नाही. नळीत नुसतं पारदर्शक पाणी, किंचित पिवळसर, तळाशी काही नाही. मी तो प्रयोग सहा वेळा केला, आणि सहाही वेळा तेच झालं. सातव्या वेळी बाई स्वतः शेजारी उभ्या राहिल्या. नळी उजेडात धरली, चष्मा काढून पुसला आणि पहिल्यांदाच ‘असू दे’ म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, "लिहायला घे."

म्हणजे सातशे बाराचं काम झायलोज पचवण्याचं. अर्थ स्पष्ट होता. एकच गोष्ट जुळत नव्हती. मी सातशे बारा शुद्ध करून वेगळा काढला होता आणि त्याला मिठाच्या पाण्यात, काचेच्या नळीत, थेट झायलोज देऊन पाहिलं होतं. तो ढिम्म हलला नाही. बाई म्हणाल्या, हे एन्झाइम लहरी असतात, मिठाचं प्रमाण जरा चुकलं की रुसतात, चालू ठेव. मी चालू ठेवलं. मीठ बदललं, तापमान बदललं, दोन महिने गेले. तो काही बोलेना. शेवटी ‘योग्य परिस्थिती अद्याप सापडलेली नाही’ असं एक वाक्य घालून आम्ही पेपर पाठवून दिला.

आता काकांच्या डोळ्यांबद्दल सांगायला हवं. त्यातलं पुष्कळसं मला नंतर त्यांच्याकडून आणि काकूंकडून कळलं.

वर्षभरापासून काका घरी एकच तक्रार करत होते. त्यांचे पांढरे शर्ट पिवळे पडतायत. आधी त्यांनी साबणाला दोष दिला, मग पाण्याला, मग धुणाऱ्याला, म्हणजे काकूंना. काकूंनी साबण बदलला. नीळ घातली. शेवटी एक दिवस त्यांनी एक नवा कोरा शर्ट दुकानाच्या पुडक्यातून काढून त्यांच्या हातात दिला आणि विचारलं, "हा?"

"हाही पिवळाच," काका म्हणाले.

"शर्ट पांढरा आहे," काकू म्हणाल्या. "पिवळं झालंय ते दुसरंच काहीतरी."

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, चांगला पिकलेला. पण काका तपासायला जाईनात. काकूंना वाटलं, शस्त्रक्रियेला घाबरतात. ती भीती नव्हतीच. त्यांच्या निवृत्तीला अडीच वर्षं उरली होती आणि त्यांना धास्ती होती की डोळ्यांचं कागदावर आलं तर उरलेले दिवस त्यांना भांडारात फायली लावत बसवतील. तेवीस वर्षांत त्यांच्या हातून एक बाटली बिघडलेली नव्हती. हे ते स्वतः कधी बोलले नाहीत, पण संस्थेत सगळ्यांना माहीत होतं, आणि सगळ्यांना माहीत आहे हे काकांना माहीत होतं.

म्हणून ते सांभाळून घेत. मिठाच्या बरण्या जागेवरून ओळखत. तराजूचे आकडे मोठे होते, ते दिसत. फक्त एक काम त्यांना जमेनासं झालं. साखर कधी मीडियमबरोबर उकळायची नाही, असा नियम होता. साखरेचं पाणी वेगळं करायचं आणि अगदी बारीक छिद्रांच्या फिल्टरमधून गाळून घ्यायचं, मग थंड मीडियममध्ये मिसळायचं. हे फिल्टर बटणाएवढे. त्यांची पाकिटं सगळी सारखी, छिद्राचा आकार मुंगीएवढ्या अक्षरात छापलेला. काकांना तो वाचता येईना. कुणाला विचारावं, तर त्याला डोळ्यांचं कळणार. मग एका दिवशी त्यांनी साखर सरळ मीडियममध्येच टाकली आणि सगळं एकत्र ऑटोक्लेव्हला लावलं. बाहेर आल्यावर बाटली खिडकीशी धरून पाहिली. नेहमीसारखीच दिसली. कारण त्यांना आताशा सगळंच तसं दिसत होतं.

"म्हटलं, एवढ्या उष्णतेने साखरेचं काय वाकडं होतंय," त्यांनी मला पुढे सांगितलं. "घरी चहात आपण उकळतोच की."

शेवटी काकूंनी परस्पर तारीख ठरवली. आधी उजवा डोळा. काका दोन आठवडे रजेवर गेले. याच दोन आठवड्यांत आमचा पेपर गेला.

ते कामावर परतले त्या सकाळी मी वर होते, त्यामुळे काय झालं ते मी पाहिलं नाही. काका कुलूप उघडून आत गेले. त्यांची एक सवय होती. प्रत्येक खेपेतली एक लहान बाटली ते वर्षभर फळीवर ठेवत, तारीख घालून. पुढे काही वाद निघाला तर साक्षीला. त्या दिवशी ती फळी त्यांना नव्या डोळ्याने पहिल्यांदा दिसली. डावीकडच्या, जुन्या बाटल्या स्वच्छ पाण्यासारख्या. मधून पुढे ग्लुकोजच्या बाटल्या गवती रंगाच्या. आणि झायलोजच्या सगळ्याच्या सगळ्या पातळ चहासारख्या.

त्यांनी उजवा डोळा झाकला आणि डाव्याने पाहिलं. सगळ्या सारख्या. मग डावा झाकून उजव्याने.

"कितीदा केलं असेल," काका म्हणाले. "वाटलं, नवा डोळाच बिघडलाय. मग भिंतीकडे पाहिलं तर भिंत पांढरी. आणि शर्ट पांढरा."

नोंदवही काढून त्यांनी तारखा लावून पाहिल्या. वहीत एक रकाना होता, साखर गाळली की तापवली. सात महिन्यांपूर्वीपर्यंत दर ओळीत ‘गाळली’. त्यानंतर तो रकाना कोरा. त्यांनी खोटं लिहिलं नव्हतं, पण खरंही लिहिलं नव्हतं. आणि सात महिने आमच्यापैकी कुणी ती वही उघडून पाहिली नव्हती.

ते त्या दिवशी कुणाशी बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. पेपर गेल्याचं त्यांना शिपायाकडून कळलं होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी न्याहारीला काकूंनी विचारलं, "डोळा दुखतोय का?"

"नाही."

"मग तोंड का असं?"

काकांनी सगळं सांगितलं. काकूंना त्यातलं झायलोज वगैरे कळलं नाही, पण बाकीचं कळलं.

"त्या मुलीला ठाऊक आहे?"

"नाही. कुणालाच नाही. बाटल्या फेकून दिल्या तर कधी कळणारही नाही."

काकूंनी त्यांच्यापुढचं रिकामं ताट उचललं. "तेवीस वर्षं मी तुमच्याकडून त्या मिठाच्या गोष्टी ऐकल्या," त्या म्हणाल्या. "बाटल्या फेकल्यात ना, तर पुढची मला सांगू नका."

अकराच्या सुमाराला काका वर आले. ते वर कधी येत नसत, त्यामुळे मला वाटलं पेढे मागायला आलेत. त्यांच्या हातात ट्रे होता, त्यात आठ बाटल्या आणि नोंदवही. बाई आपल्या टेबलाशी होत्या. काकांनी बाटल्या त्यांच्यापुढे ओळीने मांडल्या आणि उभ्यानेच बोलले. डोळ्यांचं, फिल्टरचं, रकान्याचं, सगळं. पाच मिनिटं लागली असतील. मधे कुठे थांबले नाहीत, कुठे स्वतःला वाचवलं नाही.

मी त्या बाटल्यांकडे बघत होते. तो पिवळसर रंग मी सात महिने रोज बघत आले होते. झायलोज मी आधी कधी वापरलं नव्हतं, त्यामुळे तो मला त्याचा मूळ रंगच वाटला होता. आणि ग्लुकोजमध्येही हल्ली धाकटी जरा रेंगाळायची. ते आकडे मी ‘किरकोळ’ म्हणून बाजूला टाकले होते. काकांना दिसत नव्हतं. मला दिसत होतं.

पण त्या क्षणी मला हे काही सुचलं नाही. मी म्हणाले, "काका, वाचता येत नव्हतं तर घरी बसायचं होतं. माझी वर्षं कशाला खाल्लीत?"

भांडी धुणाऱ्या मावशी दारात होत्या, त्या निघून गेल्या.  काकांनी मान हलवली, हो म्हणाल्यासारखी.

बाईंनी चष्मा पुसला. "पेपर मी आज मागे घेते," त्या म्हणाल्या. मग काकांना म्हणाल्या, "साखर गाळून मीडियम करा. पाकीट मी वाचून देते."

त्यांनी खरंच खाली जाऊन फिल्टरचं पाकीट वाचून दिलं. नव्या बाटल्या पाण्यासारख्या स्वच्छ आल्या. मी थोरली आणि धाकटी दोघींना त्यात सोडलं आणि चार दिवस वाट पाहिली. पाचव्या दिवशी सगळ्या नळ्या गुलाबी होत्या. थोरलीच्याही आणि धाकटीच्याही. धाकटी वाढली म्हणून मी कधी रडेन असं मला वाटलं नव्हतं. झायलोज पचवण्याशी सातशे बाराचा काडीचा संबंध नव्हता. नळीत तो ढिम्म हलला नाही, कारण त्याचं ते कामच नव्हतं. दोन महिने तो मला तेच सांगत होता आणि मी त्यालाच लहरी म्हणत होते.

दोन दिवस मी गेले नाही. तिसऱ्या दिवशी गेले ती माझ्या वह्या आवरायला. बाटल्या परत करायला खाली उतरले, तर काका स्टुलावर बसून ती चहाच्या रंगाची बाटली हातात फिरवत होते. मी ट्रे ठेवला आणि वळले.

"डॉक्टरबाई," ते म्हणाले, "एक विचारू? रागावणार नसाल तर."

मी थांबले.

"ही साखर जळकी. माझ्या चुकीने. यात धाकटी मेली, ते समजलं. जळकं खाऊन मरणारच. पण मग थोरली का नाही मेली?"

मी त्यांच्या हातातली बाटली घेतली.

"तीही हेच खात होती," काका म्हणाले. "सात महिने. मजेत होती."

मी दुसऱ्या स्टुलावर बसले. साखर तापली की तिचे तुकडे पडतात. काही तुकडे गोड वासाचे, काही निरुपद्रवी, आणि काही चांगलेच विखारी. पेशीतल्या ज्या कशाला चिकटतील ते निकामी करणारे. हे मला पुस्तकातून माहीत होतं. थोरलीकडे त्या विषावर उतारा होता आणि धाकटीकडे नव्हता. आणि दोघींमध्ये फरक एकच होता.

 काकांनी मधे उठून ऑटोक्लेव्हची वाफ सोडली आणि परत येऊन बसले.

"काका," मी म्हणाले, "मला जळकी साखर हवी आहे. मोजून जाळलेली."

त्यांनी वही ओढली, नवा चष्मा लावला. "किती किती?"

त्या आठवड्यात त्यांनी तेरा बाटल्या बनवल्या. न तापवलेली, पाच मिनिटं तापवलेली, दहा, पंधरा, अशा चढत्या क्रमाने एका तासापर्यंत. फळीवर त्या ओळीने लावल्या तेव्हा पाण्यापासून कोऱ्या चहापर्यंत रंगांची पायरी दिसत होती. प्रत्येकीच्या पुढे वहीत वेळ, तापमान आणि त्या रकान्यात ‘तापवली’. थोरली जवळपास शेवटच्या पायरीपर्यंत वाढली. धाकटी तिसऱ्या पायरीवर मंदावली, पाचवीवर थांबली. मी सातशे बाराचं जनुक धाकटीत परत घातलं, तर ती पुन्हा थोरलीच्या बरोबरीने वर चढली.

मग खरं खोदकाम सुरू झालं. जळक्या साखरेत शेकडो पदार्थ असतात. त्यांतला कोणता, हे शोधायला आणखी अकरा महिने लागले. एकेक पदार्थ शुद्ध स्वरूपात मागवायचा, सातशे बाराला मिठाच्या पाण्यात द्यायचा आणि यंत्राच्या पडद्यावरची रेघ पाहायची. एन्झाइम काम करू लागला की ती रेघ खाली उतरते. पहिल्या सतरा पदार्थांना ती क्षितिजासारखी आडवी राहिली. अठराव्याचं नाव एवढं लांब आहे की इथे नको. एका मंगळवारी दुपारी मी तो टाकला, झाकण लावलं, आणि रेघ उतरायला लागली. मी आधी मशीन बिघडलं का पाहिलं. मग एन्झाइमशिवाय करून पाहिलं, रेघ आडवी. एन्झाइम घातला, रेघ खाली. मीठ काढून टाकलं, एन्झाइम मोडून पडला, रेघ पुन्हा आडवी.

सातशे बारा विष निवळत होता. साखरेच्या त्या विखारी तुकड्याला तो एक धक्का देऊन निरुपद्रवी करून टाकत होता, आणि हे करायला त्याला भरपूर मीठ लागत होतं. मग कळलं की हा तुकडा पेशीच्या आतही साखर पचताना थोडा थोडा तयार होतो. बाहेरून ऑटोक्लेव्हने त्याचा लोंढा ओतला नसता, तर धाकटीचं दुखणं कधी दिसलंच नसतं. मात्र उघड्या मिठागरात, उन्हात, हा एन्झाइम किती आणि केव्हा उपयोगी पडतो, ते अजून पुरतं कळलेलं नाही.

मी खाली जाऊन काकांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे आता ‘अज्ञात’ खोडणार?"

"हो."

"पेनने खोडा," ते म्हणाले. "पेन्सिलीने खोडलं की कुणीतरी परत लिहितं."

दरम्यान त्यांच्या बाबतीत जे व्हायचं ते झालं होतं. बाईंना वर कळवावं लागलं. काकांना लेखी ताकीद मिळाली. तेवीस वर्षांतली ती त्यांच्या फायलीतली पहिली नोंद. भांडारात मात्र पाठवलं नाही. बाई त्यासाठी दोनदा संचालकांकडे गेल्या, एवढं मला माहीत आहे. त्या तिथे काय बोलल्या ते त्यांनी कधी सांगितलं नाही. काकांनी स्वतःच अर्ज केला की प्रत्येक खेपेची वही दुसऱ्या कुणीतरी तपासून सही करावी. बरेच दिवस ती सही मी करत होते.

नव्या पेपरात बाईंना त्यांचं नाव लेखकांत घालायचं होतं. काका नको म्हणाले. भीड नव्हती त्यात, हट्ट होता. "मी शोधलं नाही, मी बिघडवलं," ते म्हणाले. त्यांची अट वेगळीच होती. पद्धतीच्या भागात ‘साखर मीडियमसह तापवण्यात आली’ असं मी लिहिलं होतं. त्यात ‘चुकून’ हा शब्द हवा. एका परीक्षकाने तो शब्द अनावश्यक आहे, काढावा, असं कळवलं. बाईंनी उत्तरात एक ओळ लिहिली, की तो शब्द निरीक्षणाचा भाग आहे. शब्द राहिला. आभारांत काकांचं नाव आहे, पूर्ण, आडनावासकट. ते वाचून संस्थेतल्या निम्म्या लोकांनी विचारलं की हे कोण.

त्या दिवशी मी जे बोलले होते त्याबद्दल मी बरेच महिने काही बोलले नाही. एन्झाइम सापडल्यावर सगळं आपोआप मिटलं, असं मी धरून चालले होते. काका पूर्वीसारखेच वागत, थट्टा करत. पण वह्यांवर सही करताना ते माझ्याकडे वही सरकवत आणि खिडकीबाहेर बघत, ते मला दिसायचं.

त्यांच्या दुसऱ्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाल्यावर मी त्यांच्या घरी गेले. दोन खोल्यांचं, आवरलेलं घर. काकूंनी दार उघडलं. काका खिडकीशी वर्तमानपत्र वाचत बसले होते. काकू चहा करायला आत गेल्या तेव्हा मी म्हणाले, "काका, त्या दिवशी मी वाईट बोलले. तुम्ही स्वतः सांगायला आला होतात."

काकांनी वर्तमानपत्राची घडी केली. "बोललात ते खरंच होतं," ते म्हणाले. "घरीच बसायला हवं होतं. वर्षभर आधी बसलो असतो तर हे काही झालंच नसतं."

"तेच म्हणते. झालं नसतं तर सातशे बाराही कळला नसता."

"तो हिशेब वेगळा, डॉक्टरबाई. त्याने माझी चूक बरोबर ठरत नाही." त्यांनी घडी बाजूला ठेवली. "मला लागलं ते वाक्य नव्हे. धाकटी वाढली आणि मग तुम्ही तिसऱ्या दिवसापर्यंत आलाच नाहीत, ते लागलं. वाटलं, या पोरीने काम सोडलं."

"सोडणारच होते. वह्या आवरायलाच आले होते."

"ठाऊक आहे. ट्रेवर बाटल्या धुऊन आणल्या होत्यात. तुम्ही कधी बाटल्या धुऊन आणत नाही."

काकू चहा घेऊन आल्या. त्यांनी विचारलं, कशाला हसताय, तर दोघांनाही नीट सांगता येईना. मग काकूंनी सांगितलं की नवे डोळे मिळाल्यापासून या माणसाने घरात उच्छाद मांडलाय. फरशीच्या कडा, भांड्यांचे डाग, छताची जळमटं, त्यांना सगळं दिसतं. काल त्यांनी काकूंच्या तोंडावर सांगितलं की तुझे केस फार पांढरे झालेत.

"मग?" मी काकांना विचारलं.

"इतकी वर्षं मला ते सोनेरी दिसत होते," काका म्हणाले आणि बशी पुढे ओढली.